'अर्धशिशी' या शब्दाची मर्यादा

एका बाजूचे डोके दुखले की नांदेड-लातूरकडे आम्ही 'अर्धशिशी' म्हणून मोकळे होतो. पण अर्धशिशीचा रुग्ण अंधारात निपचित पडतो. 'क्लस्टर हेडेक'चा रुग्ण एक डोळा लाल होऊन पाझरत असताना येरझारा घालतो. हा झटका 15 मिनिटे ते 3 तास टिकतो. साध्या गोळीने तो सहसा आवरत नाही. त्यावर उपाय मास्कमधून मिनिटाला 12 लिटर शुद्ध प्राणवायू, किंवा हृदयविकार नसल्यास सुमाट्रिप्टनचे इंजेक्शन. 2009 च्या चाचणीत 15 मिनिटांत प्राणवायूने 78 टक्के, तर साध्या हवेने 20 टक्के झटके शमले. प्राणवायू दोन्ही शहरांच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत आहे. तो मिळण्यासाठी आधी दुखण्याचे नेमके वर्णन हवे. वेदनेची शब्दकळा हा केवळ अलंकाराचा विषय नव्हे, असे आम्हांस वाटते. शब्द ढोबळ राहिला की उपचारही चुकतो.