बाजार एकच, अट त्याचीच!

वसई पट्ट्यातला फुलबागायतदार दादरचा भाव विचारतो तो व्हॉट्सॲपवर. ग्रामसभेची नोटीस येते तीही तिथेच. फोनमधली ही चावडी गावच्या चावडीपेक्षा मोठी झाली आहे. पण ती गावाची नाही, मेटा या अमेरिकी कंपनीची आहे.

जानेवारी २०२१ मध्ये कंपनीने फर्मान काढले. तुमचा नंबर, फोनचा तपशील, दुकानदारांशी झालेले व्यवहार ही माहिती फेसबुकसारख्या आमच्याच इतर धंद्यांना जाणार. कबूल असेल तर राहा, नाहीतर चालते व्हा! संदेशातला मजकूर कुलूपबंद असतो हे खरे. पण २०१६ मध्ये जुन्या ग्राहकांना नकाराची निदान सोय होती, या वेळी तीही नव्हती.

कुणी म्हणेल, पटत नसेल तर सोडा ना! सोडून जायचे कुठे? गाव तिथे, गिऱ्हाईकही तिथेच. ज्याला दुसरा व्यापारीच नाही त्याच्या 'हो'ला काय किंमत? शेतकऱ्याला हे नवे नाही. रुमालाखाली भाव ठरायचा, काटाही व्यापाऱ्याचाच. असले प्रकार मोडायला राज्याने १९६३ मध्ये बाजार समित्यांचा कायदा केला.

भारतीय स्पर्धा आयोगानेही हेच दुखणे ओळखले. अशा सक्तीची संमती ही संमती नव्हे, तो मक्तेदारीचा गैरवापर आहे, असे ठरवून १८ नोव्हेंबर २०२४ रोजी मेटाला २१३ कोटी १४ लाखांचा दंड ठोठावला. नोव्हेंबर २०२५ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला. जाहिरातींसाठी माहिती देण्यावरची पाच वर्षांची बंदी मात्र उठवली. थोडक्यात, खासगीपणा आणि बाजारातली स्पर्धा हे प्रश्न दोन नाहीत, एकच आहेत.

सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. माहिती संरक्षणाचा कायदा व्हायला २०२३ उजाडले, नियम निघायला नोव्हेंबर २०२५. त्यातही कंपन्यांवरची मुख्य बंधने नियम निघाल्यापासून १८ महिन्यांनी लागू होणार! दंड २५० कोटींपर्यंत आहे, पण तो जाणार सरकारी तिजोरीत. ज्याची माहिती गेली त्याला छदामही नाही. ही तरतूद बदललीच पाहिजे.

तोवर गावपातळीवर दोन गोष्टी आपल्या हातात आहेत. ग्रामसेवक, तलाठी मंडळींनी पंचनाम्यासाठी आधार आणि पासबुकाचे फोटो गावाच्या ग्रुपवर मागवू नयेत. कागद कार्यालयात घ्यावेत. आणि नोटीस फक्त ग्रुपवर टाकून मोकळे होऊ नये. फलकावर लावा, दवंडी द्या. ज्याच्याकडे ते ॲप नाही, तोही गावचाच आहे.

कंपनीची सक्ती दिल्लीतला आयोग पाहील. पण पंचायतीनेच दुसरी वाट बुजवली, तर दाद मागायची कुणाकडे?