घामाचे भांडवल

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या वापरली जाते. या दोन कामांत माणसाची कसोटी लागते, पैसा पाण्यासारखा जातो आणि हिशेब कधीच जुळत नाही, असा तिचा सर्वपरिचित अर्थ. परंतु या म्हणीने आणखी एक गोष्ट गृहीत धरली आहे, तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. लग्न असो की घर, ही कार्ये एकट्याने उरकण्याची नव्हेत. लग्नात भावकी राबते, तशी ती घरासाठीही राबत असे. कोकणात पावसाळ्यापूर्वी घर शाकारायचे असले, की वाडीतील माणसे एकमेकांच्या छपरांवर चढत. देशावर एखाद्याची नांगरणी मागे पडली, तर शेजारी आपापली बैलजोडी घेऊन येत आणि दिवसभराचे काम संपवून त्याच्याकडे जेवून जात; यालाच इर्जिक म्हणत. मध्य प्रदेशातील झाबुआ परिसरात भिल्ल समाजातील एखादे कुटुंब अडचणीत आले, तर सारे मिळून त्याच्या मदतीला धावून जातात. त्या प्रथेला हलमा असे नाव आहे. या प्रथांमध्ये दाता आणि याचक असा भेद नसतो. आज ज्याच्या छपरावर चार माणसे चढली, तो उद्या दुसऱ्याच्या छपरावर चढणार, हे न बोलता ठरलेले असते.

अर्थात, या जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाताना तिच्याभोवतीचे कुंपण विसरून चालणार नाही. मदत मिळे ती आपल्या वाडीत, आपल्या भावकीत, आपल्या जातीत. ज्यांची वस्तीच गावाबाहेर होती, त्यांच्या छपरावर गावातले कोण चढणार? अपरिचित माणसाच्या घरासाठी, त्याची जात, धर्म वा वर्ण न विचारता, आपण वीट उचलावी ही कल्पना त्या मानाने अलीकडची आहे. तिचे एक ठळक उदाहरण अमेरिकेत घडले.

अमेरिकेच्या दक्षिणेकडील जॉर्जिया राज्यात अमेरिकस नावाचे एक छोटे नगर आहे. त्याच्याजवळ १९४२ साली क्लॅरन्स जॉर्डन आणि त्यांच्या सोबत्यांनी कोइनोनिया नावाची एक सामुदायिक शेती सुरू केली. तेथे गौरवर्णीय आणि कृष्णवर्णीय माणसे एकत्र राबत आणि एकाच पंक्तीला जेवत. त्या काळी त्या प्रदेशात ही गोष्ट अक्षम्य समजली जाई. या शेतीवर व्यापाऱ्यांनी बहिष्कार टाकला, तिच्यावर गोळ्याही झाडल्या गेल्या. पुढे मिलर्ड फुलर नावाचा एक तरुण वकील आपल्या पत्नीसह, लिंडासह, तेथे आला. तिशी गाठण्यापूर्वीच लक्षाधीश झालेल्या या दांपत्याने आपली संपत्ती सोडून दिली होती. परिसरातील मोडक्या झोपड्यांत राहणाऱ्या शेतमजुरांसाठी घरे बांधण्याची योजना जॉर्डन आणि फुलर यांनी १९६८ साली आखली. पुढच्याच वर्षी जॉर्डन यांचे निधन झाले. पण योजना थांबली नाही. आफ्रिकेतील झैरे देशात तीन वर्षे हाच प्रयोग करून परतलेल्या फुलर दांपत्याने १९७६ साली ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’ ही संस्था स्थापन केली.

या योजनेचे मर्म तिच्या हिशेबात आहे. घर फुकट द्यायचे नाही आणि ते नफ्याने विकायचेही नाही. जेवढा खर्च आला तेवढाच कुटुंबाने वर्षानुवर्षे लहान हप्त्यांनी फेडायचा. मूळ कल्पनेनुसार त्यावर व्याज नव्हते. परत आलेल्या पैशातून पुढच्या कुटुंबाचे घर उभे करायचे. ज्यांच्याजवळ हाताशी रक्कम नाही, त्यांनी आपल्या आणि इतरांच्या घरांच्या बांधकामावर ठरावीक तास काम करायचे. अनेक ठिकाणी हे तास काही शेकड्यांत मोजले जातात. या श्रमांना तेथे जे नाव मिळाले, त्याला मराठीत ‘घामाचे भांडवल’ म्हणता येईल. धनवंताने पैशाचे भांडवल घालावे, तसे गरिबाने घामाचे घालावे आणि दोघांनी भागीदार व्हावे, असा हा व्यवहार आहे.

जॉर्जियातील याच भागातले जिमी कार्टर हे १९७७ ते १९८१ या काळात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष होते. सुतारकाम ही त्यांची आवड. पदावरून उतरल्यावर १९८४ साली ते न्यूयॉर्कमधील एका पडक्या इमारतीच्या दुरुस्तीसाठी स्वयंसेवकांसह हातोडा घेऊन उभे राहिले आणि नंतर पत्नी रोझलिन यांच्यासह दरवर्षी एक आठवडा या कामासाठी देऊ लागले. २००६ साली हा आठवडा महाराष्ट्रात पार पडला. लोणावळ्याजवळ मळवली परिसरात शंभर घरे बांधण्याचा संकल्प करून देशोदेशींचे स्वयंसेवक जमले. त्या वेळी कार्टर ब्याऐंशी वर्षांचे होते. वर्तमानपत्रांतून छायाचित्रे झळकली. चित्रपट-अभिनेतेही येऊन गेले आणि, आपल्याकडे नेहमी होते तसे, विटांपेक्षा त्यांचीच चर्चा अधिक झाली.

अशा मोहिमांवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो टाळण्याजोगा नाही. सातासमुद्रापलीकडून आलेला एक स्वयंसेवक विमानाच्या तिकिटावर जेवढे पैसे खर्च करतो, तेवढ्यात येथील गवंड्याला काही महिन्यांची मजुरी देता येईल. शिवाय ज्या हातांनी कधी करणी धरली नाही, ते हात भिंत कितपत सरळ बांधतील? ज्या देशात गवंडी आणि बिगारी दररोज सकाळी नाक्यावर कामाची वाट पाहत उभे असतात, तेथे विटा रचण्यासाठी परदेशातून माणसे आणणे हा उफराटा न्याय नव्हे काय?

केवळ विटांचा हिशेब मांडला, तर हा आक्षेप खरा आहे. अशा मोहिमांत पाया आणि जोते बहुधा कसबी कामगारांनी आधीच घालून ठेवलेले असते. ओळंबा आणि गुण्या गवंड्याच्याच हाती असतात आणि पाहुणे निघून गेल्यावर राहिलेले कामही तोच पुरे करतो. पाहुण्यांच्या आठवड्याची किंमत त्यांनी रचलेल्या थरांवरून काढणे व्यर्थ आहे. ती निघते दुसऱ्या ठिकाणी. मोठ्या पदावरचा माणूस घमेले उचलतो, गवंडी त्याला ‘असे नव्हे, असे’ म्हणून शिकवतो, आणि ज्या स्त्रीचे ते घर होणार असते, ती त्याच्या जोडीला उभी राहून मसाला कालवते. त्या चार-पाच दिवसांत तिच्याकडे कोणी लाभार्थी म्हणून पाहत नाही. सरकारी कागदांवरचा हा ‘लाभार्थी’ शब्द वरवर निरुपद्रवी वाटतो. पण तो माणसाला रांगेत उभे करतो. परत गेलेला स्वयंसेवक आपल्या गावी जाऊन या घरांसाठी निधी जमवतो, हा लाभ आहेच. मात्र आपल्या देशातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे १९६९ पासून उपलब्ध आहेत. त्यांनी शेजारच्या तालुक्यातील अशा कामावर वर्षातून दहा दिवस घालवले, तर तिकिटाचा प्रश्नही उरत नाही.

खरा प्रश्न स्वयंसेवकाच्या घामाचा नसून कुटुंबाच्या घामाचा आहे. तो कशासाठी घ्यायचा? घर फुकट मिळाले तर माणसाला त्याची किंमत राहत नाही, म्हणून, असे उत्तर दिले जाते. हे उत्तर उद्धट आहे. वडिलोपार्जित वाडा फुकटच मिळालेल्या माणसाला कोणी हे ऐकवत नाही. कुटुंबाचा सहभाग हवा तो वेगळ्या कारणासाठी. ज्याला त्या छपराखाली झोपायचे आहे, त्याच्याइतकी डोळ्यांत तेल घालून देखरेख दुसरा कोणी करीत नाही. सिमेंटच्या बांधकामावर निदान सात दिवस पाणी मारत राहावे लागते; तसे न केल्यास भिंत वरून धडधाकट दिसते, पण आतून भुसभुशीत राहते. बिल निघण्याच्या घाईत असलेल्या ठेकेदाराकडून या कामात सर्रास कुचराई होते. घरची बाई मात्र ती करीत नाही. लांबून पाणी आणावे लागले तरी ती सकाळ-संध्याकाळ भिंत भिजवते. शिवाय चूल कोठे असावी, दार कोणत्या दिशेला असावे, शेळ्या कोठे बांधायच्या, हे तिलाच ठाऊक असते.

भूकंपांनी ही गोष्ट फार मोठी किंमत घेऊन शिकवली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी आणि आसपासच्या गावांत हजारो माणसे आपल्याच घरांच्या दगडमातीखाली गाडली गेली. त्यानंतर लातूर आणि धाराशिव (तेव्हाचे उस्मानाबाद) जिल्ह्यांतील बावन्न गावे नव्या जागी वसवण्यात आली. नवी घरे भक्कम होती, रस्ते रुंद होते. परंतु घरे एका साच्याची होती आणि सरळ रांगांत मांडली होती. गल्ली, पार, वाड्याची चौकट, गुरांचा गोठा यांना त्या आराखड्यांत जागा सापडली नाही. पुढे लोकांनीच आपापल्या सोयीने ओटे, पडव्या आणि गोठे जोडून त्या वसाहतींचे गाव केले. सात-आठ वर्षांनी, २६ जानेवारी २००१ रोजी, कच्छ हादरले. तेथे मात्र बहुसंख्य कुटुंबांनी स्थलांतर नाकारले. शासनाने पैसे हप्त्याहप्त्याने त्यांच्या हाती दिले, अभियंत्याने पाहणी केल्यावरच पुढचा हप्ता मिळे, आणि घर कुटुंबाने आपल्या जुन्या जागी आपल्या मर्जीप्रमाणे उभारले. जोत्याशी, दारे-खिडक्यांच्या माथ्याशी आणि छताखाली काँक्रीटचे पट्टे घालायचे, ही अट मात्र सर्वांना सारखी होती. अनेक स्वयंसेवी संस्थांनी तेथे विटा रचण्यापेक्षा गवंड्यांना हे पट्टे घालण्याचे शिक्षण देण्यात शक्ती खर्चिली. मदत करणाऱ्यांनी कोठे उभे राहावे, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचित सापडेल.

आता घामाच्या भांडवलाची दुसरी, अवघड बाजू पाहिली पाहिजे. एखाद्या कुटुंबाकडून तीनशे तासांचे काम मागितले, तर आठ तासांच्या हिशेबाने ते सदतीस-अडतीस दिवस होतात. शनिवार-रविवारची सुटी आणि महिन्याचा पगार असलेल्या माणसाला ही आपली विश्रांती देणे आहे. रोजंदारीवर जगणाऱ्या मजुराला ती तेवढ्या दिवसांची भाकरी देणे आहे. दोघांचा घाम सारखा असला, तरी त्याचे मोल सारखे नाही. परदेशातील नियम जसाच्या तसा येथे आणला, की भागीदारीचे रूपांतर वेठबिगारीत होण्यास वेळ लागत नाही.

या बाबतीत आपल्या शासकीय योजनांनी धरलेली वाट अधिक न्यायाची म्हणावी लागेल. १९८५ साली सुरू झालेल्या इंदिरा आवास योजनेत ठेकेदाराला मज्जाव होता. घर कुटुंबानेच बांधायचे होते. तिच्या जागी २०१६ साली आलेल्या प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजनेने किमान पंचवीस चौरस मीटरचे घर ठरवले. सपाट प्रदेशासाठी १ लाख २० हजार रुपयांचे साहाय्य ठेवले, आणि त्याखेरीज स्वतःच्याच घरावर काम करणाऱ्या कुटुंबाला रोजगार हमीतून नव्वद दिवसांपर्यंतच्या मजुरीची सोय केली. स्वतःचे घर बांधणे हेही काम आहे आणि त्याला दाम आहे, हे तत्त्व यातून मान्य झाले. ही रक्कम वाळू, सिमेंट आणि सळ्यांच्या भावापुढे अपुरी पडते, हप्ते रखडतात आणि अर्ध्या भिंतींवर पावसाळा येतो, हे खेड्यापाड्यांतील वाचकाला सांगायला नको. घर स्त्रीच्या नावे किंवा पतिपत्नींच्या संयुक्त नावे असावे, हा नियमही चांगला आहे. पाणी मारणारे हात आणि कागदावरचे नाव यांचा मेळ त्यामुळे प्रथमच बसला.

राहता राहिली जमीन. घामाने भिंत उभी राहते, जमीन उभी राहत नाही. अमेरिकसजवळच्या त्या शेतमजुरांना घर मिळाले, कारण सामुदायिक शेतीने आपल्या जमिनीतून त्यांच्यासाठी जागा आखून दिल्या. आपल्याकडे शहरातल्या झोपडीत राहणाऱ्या गवंड्याने आयुष्यभर इतरांची घरे बांधली, तरी त्याचे स्वतःचे घर कायद्याच्या दृष्टीने उद्या हटवण्याजोगेच असते. खेड्यातही घरकुलाच्या यादीत नाव लागलेले भूमिहीन कुटुंब जागेच्या कागदाअभावी मागे राहते. कोठे तो सातबारा असतो, कोठे पट्टा, कोठे खतौनी. नाव काहीही असो, तो मिळवण्यासाठी तलाठी वा पटवाऱ्याच्या कार्यालयात बारा खेटे घालावे लागतात आणि प्रत्येक खेट्याला एका दिवसाची मजुरी बुडते. घरबांधणीच्या कामात सहभागी होऊ इच्छिणाऱ्या सुशिक्षित तरुणांनी यासाठी करणी हाती धरण्याची गरज नाही. अर्ज लिहून द्यावा, जोडायच्या कागदांची यादी वाचून दाखवावी, पोचपावती मागून घ्यावी आणि त्या कुटुंबाबरोबर खिडकीसमोर उभे राहावे. पाया खणण्याआधीचे हे काम आहे आणि त्यासाठी माणसे सर्वांत कमी मिळतात.