मुलं आवडतात, एवढंच पुरेसं नाही

बारावीचा निकाल लागला की घराघरांत एकच चर्चा सुरू होते. कुणी इंजिनीअरिंग सुचवतं, कुणी कॉमर्स. अशा वेळी एखादी मुलगी हळूच म्हणते, ''मला बालवाडीत शिकवायचंय.'' वडील पेपरमधून डोकं वर काढतात, ''एवढे मार्क मिळवून बालवाडी?'' आई मध्ये पडते, ''असू द्या हो, अर्ध्या दिवसाची नोकरी. लग्नानंतर घर सांभाळून करता येईल.'' आणि हेच मुलानं म्हटलं तर? सगळे हसूनच सोडून देतात.

वडील हे काम हलकं समजतात, आई सोपं समजते. दोघंही चुकतात. आणि ''मला मुलं खूप आवडतात'' एवढ्याच भरवशावर निघालेली मुलगीही थोडी चुकतेच.

कौतुक वेगळं, काम वेगळं

शेजारचं बाळ रडू लागलं की आपण ते त्याच्या आईकडे देऊन मोकळे होतो. वर्गात ती सोय नाही. एक रडतोय, दुसरीनं चड्डी ओली केलीय, तिसऱ्यानं चौथ्याला चावा घेतलाय आणि उरलेली सगळी तुमच्याकडे बघताहेत. तिथे नुसती माया कामाला येत नाही, जाण लागते.

आठ-नऊ महिन्यांचं बाळ अनोळखी माणसाला पाहून भोकाड पसरतं. तो हट्ट नव्हे. आपलं कोण आणि परकं कोण हे त्याला कळू लागल्याची ती खूण आहे. हे ठाऊक असलेली ताई त्याला आईच्या कडेवरून ओढून घेत नाही. ती थोडी दूर बसते, खुळखुळा वाजवते, बाळ स्वतःहून हात पुढे करीपर्यंत थांबते. दोन वर्षांचं मूल चावतं, कारण राग आहे पण तो सांगायला शब्द नाहीत. त्याला फटका देणं सोपं असतं. शब्द देणं ही शिकून घेण्याची गोष्ट आहे.

मोठ्या माणसांनी निवडलेली वाट

या कामाला आपल्याकडे मोठी परंपरा आहे. गिजुभाई बधेका हे पेशानं वकील. वकिली सोडून त्यांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर सुरू केलं. म्हणजे मुलग्यांनीही लाजायचं कारण नाही. ताराबाई मोडक राजकोटची प्राचार्यपदाची नोकरी सोडून त्यांच्या कामात सामील झाल्या. पुढे १९४५ साली ताराबाईंनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डी इथे ग्रामीण मुलांसाठी काम उभं केलं आणि त्यांना अनुताई वाघांची साथ मिळाली. पाड्यावरची मुलं शाळेत येईनात, तेव्हा या दोघींनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली. त्यातूनच अंगणवाडीची कल्पना रुजली. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ साली पद्मश्री मिळाली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि अंगणवाडी देशभर पोहोचली.

शिक्षण कोणतं घ्यावं?

बारावीनंतर पूर्वप्राथमिक शिक्षणाची दोन वर्षांची पदविका घेता येते. त्यासाठी संस्थेला राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेची मान्यता आहे की नाही, हे आधी पाहावं. नियमित कॉलेज जमत नसेल, तर इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची बालसंगोपन आणि शिक्षणावरची पदविका घरी राहून करता येते. माँटेसरी प्रशिक्षणाचीही सोय आहे. मारिया माँटेसरी स्वतः १९३९ साली मद्रासला येऊन वर्ग घेऊन गेल्या. गृहविज्ञानात बालविकास हा विषय घेऊन पदवी घेतली, तर पुढे पाळणाघर, समुपदेशन, अपंग बालकांचं शिक्षण अशा वाटाही खुल्या होतात. गल्लीबोळातल्या चार आठवड्यांच्या 'गॅरंटी' कोर्सला मात्र भुलू नका.

पैशाचं काय?

हे लपवण्यात अर्थ नाही. अंगणवाडी सेविकेला मिळतं ते पगार नव्हे, मानधन. २०१८ साली केंद्रानं ते महिना ४,५०० रुपये ठरवलं. राज्यं त्यात आपापली भर घालतात. ग्रॅच्युइटीचा हक्क मिळवायलाही सेविकांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. तो निकाल २०२२ साली त्यांच्या बाजूनं लागला. शिक्षणहक्काचा २००९ सालचा कायदा सहा ते चौदा वयोगटासाठी आहे. त्याखालच्या मुलांच्या खासगी वर्गांवर पुरेशी देखरेख नसते आणि अनेक ठिकाणी शिक्षिकांना तुटपुंज्या पगारावर राबवलं जातं.

चित्र थोडं बदलू लागलं आहे. २०१७ सालच्या कायद्यानं ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. २०२० च्या शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ वर्षं हा शिक्षणाचा पाया मानला. तरीही नोकरी स्वीकारताना पगार, सुट्ट्या आणि कामाचे तास लेखी मागा. एका शिक्षिकेमागे मुलं किती, हेही विचारा. २०१३ च्या राष्ट्रीय धोरणानुसार तीन ते सहा वयोगटात वीस मुलांमागे एक आणि तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक मोठं माणूस हवं. जिथे एका ताईच्या गळ्यात चाळीस मुलं बांधतात, तिथे मुलंही रडतात आणि ताईही.

दहा दिवसांची परीक्षा

मग निवड कशी करायची? फी भरण्याआधी ओळखीच्या बालवाडीत परवानगी काढून दहा दिवस मदतीला जा. पहिल्या दिवशी सगळंच गोड वाटेल. पाचव्या दिवशी घसा बसेल, कंबर दुखेल. शेंबूड पुसायचा कंटाळा येईल. दहाव्या दिवशी स्वतःला एकच प्रश्न विचारा: वर्गातलं सर्वांत चिडकं, अंगावर येणारं मूल पाहून मला त्याचा राग येतो, की ते असं का वागतं याचं कुतूहल वाटतं?

राग येत असेल तर वाईट वाटून घेऊ नका, तुमची वाट दुसरी आहे. पण कुतूहल वाटत असेल, तर आईबाबांना शांतपणे सांगा की हा निर्णय विचार करून घेतला आहे.

आणि आईबाबा, तुम्हीही एक आठवून पाहा. पहिल्या दिवशी तुमच्या रडणाऱ्या लेकीला ज्यांनी जवळ घेतलं, त्या बाई अडाणी, कंटाळलेल्या असत्या, तर चाललं असतं का?