विश्लेषण : घायपातापासून ‘टकिला’ होते का? कड्याच्या शेतकऱ्याला त्यातून काय मिळेल?

बीड जिल्ह्यातील आष्टी-कडा पट्ट्यासह मराठवाड्याच्या कोरडवाहू भागात घायपात ओळखीचे आहे ते बांधावरचे कुंपण आणि दोरासाठीचा वाख म्हणून. याच कुळातील वनस्पतीपासून मेक्सिकोत टकिला बनते. पिंपात मुरवलेल्या टकिलाला चढा दर मिळतो. मग दुष्काळी शेतीला हा पर्याय ठरू शकतो का?

टकिला कशाला म्हणतात?

केवळ ‘निळ्या अगेव्ह’पासून, तेही मेक्सिकोतील हालिस्को आणि आणखी चार राज्यांच्या ठरावीक भागांत बनलेले मद्यच टकिला. भारतातही या नावाला भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण आहे. त्यामुळे डेस्मंड नाझरेथ यांनी दख्खनच्या घायपातापासून बनवून २०११ मध्ये बाजारात आणलेल्या ‘डेस्मंडजी’वर टकिला असे लिहिता येत नाही. नंतर आलेल्या ‘माया पिस्तोला’ने पिंपात मुरवलेले प्रकारही आणले.

पिंपात नेमके काय होते?

घायपाताचा गड्डा शिजवला की त्यातील इन्युलिनसारख्या फ्रुक्टनची साखर होते. रस आंबवून तो गाळला की पारदर्शक ‘ब्लँको’ मिळते. ओकच्या लाकडात किमान दोन महिने मुरली तर ‘रेपोसादो’, एक वर्ष मुरली तर ‘अन्येहो’ आणि तीन वर्षे मुरली तर ‘एक्स्ट्रा अन्येहो’. शेवटचा वर्ग २००६ मध्ये आला. लाकडातून व्हॅनिला, दालचिनी, भाजक्या साखरेचा गंध उतरतो. उष्ण हवेत मद्य लवकर मुरते, पण उडूनही जास्त जाते. स्कॉटलंडमध्ये वर्षाला साधारण २ टक्के घट होते, भारतात त्याच्या कितीतरी पट.

चव कशी पारखतात?

मीठ-लिंबू बाजूला ठेवून, बर्फाशिवाय, निमुळत्या तोंडाच्या ग्लासात थोडीच घेतात. तोंड किंचित उघडे ठेवून वास घेतला की अल्कोहोलचा झणका नाकात जात नाही. मग छोटा घोट जिभेवर फिरवतात. लाकडाच्या वासाखाली भाजलेल्या कंदाची गोडी आणि मिरीचा तिखटपणा जाणवला, तर मुरवण ‘बेतशीर’. नुसते लाकूडच लागले, तर मूळ वनस्पती हरवली. रंगावर मात्र विसंबू नये. नियमानुसार १ टक्क्यापर्यंत कॅरॅमल, ओकचा अर्क, पाक असे घटक मिसळता येतात.

शेतकऱ्यासाठी गणित काय?

पाणी कमी लागते ही जमेची बाजू. मात्र निळे अगेव्ह तयार व्हायला सहा-सात वर्षे लागतात. दख्खनमधील ‘अगेव्ह अमेरिकाना’ला त्याहून अधिक. फुलोरा आला की साठलेली साखर त्यातच खर्च होते आणि झाड संपते, म्हणजे एका रोपाचे पीक एकदाच. वाखाची प्रत्येक जात मद्याला चालतेच असेही नाही. शिवाय परवान्याविना मद्य गाळणे महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ नुसार गुन्हा आहे.

म्हणजे शेतकऱ्याच्या हाती राहतो तो गड्डा. मुरवण्यातून वाढणारे मोल मद्यनिर्मात्याकडे जाते. त्यामुळे लागवडीपूर्वी रोपाची जात, खरेदीचा लेखी करार आणि मधल्या वर्षांतील आंतरपीक या तीन गोष्टी ठरायला हव्यात. तोवर सलग शेत गुंतवण्यापेक्षा बांधावरची लागवड कमी जोखमीची.

(मद्यपान आरोग्यास घातक आहे. महाराष्ट्रात तीव्र मद्यासाठी वयोमर्यादा २५ वर्षे असून परवाना आवश्यक आहे.)