जनुकाला गप्प करणारा विषाणू आणि आपण

विषाणू म्हटला की आपण डॉक्टर मंडळी सावध होतो. परंतु गेल्या पाव शतकात प्रयोगशाळेने याच शत्रूला चाकरीस ठेवले आहे. एचआयव्हीच्या कुळातील, पण रोगकारक जनुके काढून टाकलेला लेंटिव्हायरस मानवी पेशीत शिरतो, तेथे एका छोट्या आरएनएचा आराखडा पोहोचवितो आणि त्यामुळे नेमक्या एका जनुकाचा आवाज दबतो. या आरएनए-हस्तक्षेपाचे तत्त्व अँड्र्यू फायर व क्रेग मेलो यांनी १९९८ साली मांडले; २००६ चे नोबेल पारितोषिक त्यांना त्यासाठीच मिळाले.

दांडिया बाजारातील स्मरणिकेत हा विषय कशाला, असे कोणी विचारील. उत्तर आपल्या पूर्वेलाच आहे. छोटा उदेपूर, नर्मदा आणि पलीकडे नंदुरबार या आदिवासी पट्ट्यात सिकलसेलचा आजार पिढ्यान्‌पिढ्या ठाण मांडून बसला आहे. हाडे पिळवटून काढणाऱ्या वेदनांनी व्याकूळ झालेले मूल आणि त्याला कडेवर घेऊन आलेली आई आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहे.

गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन जन्मानंतर टिकून राहिले, तर हा आजार सौम्य होतो, हे आपण जाणतो. ते बंद पाडणारा पहारेकरी म्हणजे बीसीएल-११ए हे जनुक. मानवी पेशींत त्याला दाबले की गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन पुन्हा वाढते, असे २००८ साली बोस्टनच्या संशोधकांनी दाखविले. पुढे तेथेच सहा रुग्णांच्या मूळ पेशींवर लेंटिव्हायरसच्या साह्याने हा उपचार झाला व २०२१ साली त्याचे आशादायक निष्कर्ष प्रसिद्ध झाले. विशेष म्हणजे, हे जनुक केवळ लाल पेशींच्या वंशातच गप्प केले होते; कारण रक्ताच्या मूळ पेशींना आणि बी-लिम्फोसाइटना त्याची गरज असते.

मात्र येथेच विवेकाची कसोटी लागते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात जनुक दाबणारे ४९ निरनिराळे विषाणूवाहक उंदरांना देण्यात आले. ३६ वाहकांनी यकृताला इजा केली, तर २३ वाहकांमुळे उंदीर दगावले. पेशीची स्वतःची मायक्रो-आरएनए यंत्रणा त्या भाराखाली कोलमडली होती. म्हणूनच 'अमुक जनुक दाबले आणि तमुक परिणाम दिसला' एवढ्यावर विश्वास ठेवू नये. तोच परिणाम दुसऱ्या, वेगळ्या आरएनए-क्रमानेही मिळतो का? जनुक परत दिल्यावर तो नाहीसा होतो का? हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय कोणताही शोधनिबंध स्वीकारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरा प्रश्न न्यायाचा आहे. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत सिकलसेलवरील दोन जनुकीय उपचारांना मान्यता मिळाली. त्यांच्या किमती २२ लाख व ३१ लाख डॉलर जाहीर झाल्या. आपल्या आदिवासी कुटुंबाला या आकड्यांचा अर्थ तरी काय? निराश होण्याचे मात्र कारण नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने लेंटिव्हायरस वापरून हिमोफिलियाच्या पाच रुग्णांवर केलेला उपचार २०२४ साली जगापुढे आला. हे काम आपल्याकडेही होऊ शकते, याचा हा पुरावा आहे.

तोपर्यंत आपल्या हाती जे आहे, ते आपण पूर्णपणे वापरतो का? स्वस्त हायड्रॉक्सियुरियासुद्धा तेच गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन वाढविते. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानाने सात कोटी लोकांच्या तपासणीचे लक्ष्य ठेवले. पण तपासणीनंतर औषध नियमित मिळावे, वाहक तरुण-तरुणींना विवाहापूर्वी सल्ला मिळावा आणि जनुकीय उपचाराच्या नावाने कोणी त्यांची फसवणूक करू नये, हे पाहणे आपलेच काम आहे.

महाराजा सयाजीरावांनी सक्तीचे मोफत शिक्षण १८९३ साली प्रथम अमरेलीत अजमावले आणि १९०६ साली सर्व राज्यात लागू केले. आधी कसून पारख, मग सर्वांसाठी खुले दार. विषाणूच्या या नव्या विद्येलाही बडोद्याच्या डॉक्टरांनी हाच नियम लावावा.