सासऱ्याची फजिती आणि न उच्चारलेली जात

भाऊबीज झाली की मंडईचे, म्हणजे गावजत्रांचे दिवस येतात आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीपट्टीत गावोगावी नाटके लागू लागतात. या नाटकांचे केंद्र असलेल्या वडशाच्या नाटक कंपन्यांना मग होळीपर्यंत उसंत नसते. रात्रभर रंगणाऱ्या या नाटकांत पाटलाची लेक आणि गरिबाचा पोरगा ही जोडी हुकमी. शिळा फिल्मी मसाला म्हणून शहरी जाणकार तिला नाक मुरडतात, ते मात्र पटत नाही. मालगुजारी ही इथली जमीनदारी १९५१ मध्ये कायद्याने गेली, तरी जमीन कोणाची आणि भाताच्या रोवणीला चिखलात कोण, हे गावाला तोंडपाठ आहे. विनोदी नोकर वाड्यावरच्या सासऱ्याची फजिती करतो तेव्हा मंडपातला मजूर उगाच हसत नाही.

खोट वेगळीच आहे. पैशाचे अंतर विनोदाला झेपते, कारण ते शेवटच्या अंकात मिटवता येते: पोरगा नोकरीला लागतो, सासरा विरघळतो, अक्षता पडतात. जात नोकरी लागून बदलत नाही. मग नाटककार तिचे नावच घेत नाही. गरीब म्हणतो आणि प्रेक्षकाने काय ते समजून घ्यायचे. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ आणि ‘सैराट’ने ती उघडपणे पडद्यावर आणली, पण दोन्हींचा शेवट जिव्हारी लागणारा. म्हणजे पैशावर हसायचे आणि जातीवर रडायचे, अशी वाटणीच होऊन बसली. शासनाला मात्र खरी अडचण कुठे आहे ते कळते. आंतरजातीय लग्नाला ५० हजारांचे साहाय्य मिळते. श्रीमंताच्या मुलीने गरिबाशी लग्न केले म्हणून कोणी छदाम देत नाही.

यावर कंपनीवाले म्हणतील, नाटक ठरवणाऱ्या मंडळात सगळ्या जातींची माणसे असतात, वर्गणी फुटली तर पुढच्या वर्षी बोलावणार कोण? पोटाचा प्रश्न आहे, हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण दारू आणि अंधश्रद्धा हे विषयही ज्यांच्या घरात होते तेच समोर बसलेले होते, आणि तरी ते विषय याच रंगमंचावर आले. त्याने या रंगभूमीचा मान घटला नाही: झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तीही या लोकरंगभूमीच्या कामासाठीच. दुसरा आक्षेप अधिक गंभीर: जिथे जातीपायी खून पडतात तिथे विनोद कसला? तो मार खाणाऱ्यावर नसावा, एवढे पथ्य पुरे. लग्नपत्रिकेत जावयाचे आडनाव छापावे की नुसतेच ‘चिरंजीव’ म्हणून भागवावे, या विवंचनेत घामाघूम झालेला वधूपिता झाडीपट्टीच्या कसलेल्या विनोदी नटाच्या हाती देऊन तर पाहा.