वचन नव्हे, कलम हवे

सत्ता मागताना सत्तेचा मोह नाही असे सांगणे ही उमेदवारांची जुनीच रीत आहे. परंतु 'मला निवडून द्या, म्हणजे मी माझ्याच पदाचे वाढलेले अधिकार छाटून टाकतो' असे अभिवचन जेव्हा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार देतो, तेव्हा टाळ्या वाजविण्यापूर्वी लोकांनी क्षणभर थांबावे. श्रीलंकेचा अनुभव या बाबतीत मोठा बोलका आहे.

1978 साली जयवर्धने यांनी त्या देशाला नवे संविधान दिले आणि सारी सूत्रे राष्ट्राध्यक्षाच्या हाती एकवटली. ही व्यवस्था मोडण्याचे वचन देऊन चंद्रिका कुमारतुंगा 1994 साली निवडून आल्या. व्यवस्था तशीच राहिली. 2010 साली महिंदा राजपक्षे यांनी तर अठराव्या दुरुस्तीने दोन मुदतींची मर्यादाच उडवून दिली. ही दुरुस्ती उलटविण्याचे वचन देणारे मैत्रीपाल सिरिसेना जानेवारी 2015 मध्ये विजयी झाले, आणि त्याच एप्रिलमध्ये 225 पैकी 212 मतांनी एकोणिसावी दुरुस्ती संमत झाली. दोन मुदतींची मर्यादा परत आली. पहिली साडेचार वर्षे संसद स्वतःच्या मर्जीने विसर्जित करण्याचा अध्यक्षाचा अधिकारही गेला.

वचन पाळले गेले, मग तक्रार कसली, असे कोणी विचारील. पुढचे ऐकावे. याच सिरिसेनांनी ऑक्टोबर 2018 मध्ये पंतप्रधानांना काढून त्या जागी राजपक्षे यांना बसविले, आणि नोव्हेंबरात संसदच विसर्जित केली! त्यांना अडविले ते त्यांच्या सद्सद्विवेकाने नव्हे. 13 डिसेंबर रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी एकमताने अडविले, आणि तेही एकोणिसाव्या दुरुस्तीच्या आधाराने. वचन देणारा बदलला. लिहिलेले कलम बदलले नाही.

'पण कलमही बहुमताने पुसता येतेच ना?' हा आक्षेप खरा आहे. 2020 साली विसाव्या दुरुस्तीने बरेचसे पुसले गेले. तरीही दोन मुदतींची मर्यादा हटविली गेली नाही, आणि 2022 च्या जनक्षोभानंतर एकविसाव्या दुरुस्तीने काही अंकुश परत आणले. वचन हवेत विरते. कलम पुसायचे तर भर सभागृहात हात वर करावा लागतो, आणि तो हात कोणाचा हे लोकांना दिसते. 2024 साली अनुरा कुमार दिसानायके यांनीही हे पदच रद्द करण्याचे वचन दिले आणि त्यांच्या पक्षाला 225 पैकी 159 जागा मिळाल्या. एवढे बळ मिळालेल्यास संख्येची सबब सांगता येत नाही.

आम्हां सीमावासीयांनी यातून काय घ्यावे? 1956 पासून आमच्या दारी मतांसाठी आलेल्यांनी वचनांची खैरात केली. भारतीय संविधानाच्या तिसऱ्या अनुच्छेदान्वये राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार संसदेचा आहे. महाराष्ट्राचा दावाही 2004 साली सर्वोच्च न्यायालयात दाखल झाला. तेव्हा यापुढे उमेदवाराला 'प्रश्न सोडवाल का?' असे विचारू नये. कोणत्या सभागृहात, कोणता ठराव, कोणत्या मुदतीत मांडणार, हे विचारावे आणि त्याच्या सहीनिशी लिहून घ्यावे. जो सहीला कचरतो, त्याला आमचे मत मागण्याचा अधिकार नाही!